मागच्या खोलीतलं बोलणं

घाटकोपरच्या एका बँकेत मी टायपिस्ट होते, तेव्हा बचत खात्याच्या काउंटरवर एक गृहस्थ बसायचे. चष्मा कपाळावर आणि तोंड सतत चालू. "काय मावशी, गुडघा काय म्हणतो? सून आली का माहेराहून?" असं विचारता विचारता पासबुक भरून द्यायचे. त्यात चूक कधीच नाही.

नव्या मॅनेजरसाहेबांना वाटलं, बडबड थांबली तर काम दुप्पट होईल. त्यांनी या गृहस्थांना मागच्या खोलीत बसवलं, खातेदारांच्या सह्यांची कार्डं लावायला. तिथे कुणी फिरकत नसे. महिन्याभरातच कार्डं भलत्याच कप्प्यात सापडायला लागली. साहेब म्हणाले, "वय झालं यांचं."

एका दुपारी मी एक कार्ड आणायला गेले, तर आतून बोलणं ऐकू आलं. ते एकटेच होते. हातातल्या कार्डावरच्या अंगठ्याच्या ठशाला विचारत होते, "काय मावशी, यंदा गावाला गेला नाहीत?" आणि उत्तरासाठी थांबले. मला बघून ओशाळले. "जीभ गंजते हो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन तिथेच जेवायला बसू लागले. काउंटरवर कोण आलं, काय म्हणालं, सगळं सांगायची. हळूहळू चुका थांबल्या.

साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बघा, एकांत मानवला त्यांना!"

खरं काय ते सांगायला हवं होतं. मी मान खाली घालून टाइप करत राहिले.