डाव्या हाताचं हँडल

भावाला लकवा मारून गेला तेव्हा मी महागावहून चार दिवसांसाठी म्हणून नेरला माहेरी आले आणि महिना उलटला तरी तिथंच होते. त्याची जीभ मोकळी झाली, पाय घासत का होईना पडू लागला, पण डावा हात काही उठेना. डॉक्टर म्हणाले, चालवला तरच चालेल, नाहीतर असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला. भावानं तो खिडकीतून बाहेर फेकला. वहिनीनं उचलून आणला, यानं परत फेकला. "मी काय लेकरू आहो?" म्हणे. मला त्याचा इतका राग यायचा की रडू यायचं.

हा माणूस एकेकाळी बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचा. नाणं टाकायचं, हँडल फिरवायचं, बटणं दाबायची, अशी कपाटाएवढी तीन मशीनं. कॉलेजची पोरं त्यांच्यापायी घरी जायच्या एसटी गाड्या सोडायची. मुली तिथं फिरकत नसत, पण सकाळी शटर उघडायच्या आधी मशीनं तपासायला भाऊ मलाच न्यायचा. बोर्ड कसा पुसायचा, सोल्डर कसं मारायचं, सगळं त्यानंच शिकवलं. पुढे मोबाईल आले आणि दुकान बसलं. दोन मशीनं भंगारात गेली, तिसरं घरी सोयाबीनच्या पोत्यांमागे उभं होतं. त्याचं हँडल डाव्या हातानं धरायचं असतं, हे मला एका सकाळी मेथी निवडताना सुचलं. मेथी तशीच टाकून मी उठले.

मशीनला लाईन दिली. पडदा थरथरत लागला एकदाचा. हँडल मात्र मुळापासून तुटलेलं, आणि तसं आता कुठं मिळत नाही. मग मोबाईलवरून स्वस्तातली एक जॉयस्टिक मागवली. आली ती अगदीच हलकी, जत्रेतल्या खेळण्यासारखी. तिची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात, दांडी आखूड पडली. वरची फळी खालून पटाशीनं कोरून पातळ केली, नवी भोकं पाडली. बसली बाई कशीबशी, पण आतली स्प्रिंग एवढी कडक की माझंच मनगट दुखलं. भावाच्या हातानं ही कशी हलणार? जुन्या टॉर्चच्या बुडातली स्प्रिंग काढून तिच्या जागी घातली. आता नुसतं बोट लावलं तरी दांडी कलायची.

वहिनी दारातून बघत होती. म्हणाली, "बाई, घरात एक बिमार आहे तेवढं बस नाही काय? तुम्ही कायले येड्यावानी करून राह्यल्या?"

त्या दुपारी भावाला धरून आणलं आणि मशीनसमोर खुर्चीत बसवलं. मशीन बघून त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, जमलं! आणि या शहाण्यानं काय करावं? उजवा हात आडवा टाकून हँडल धरलं. डावा मांडीवर तसाच पडलेला.

"डावा लाव," मी म्हटलं.

"राहू दे."

"अरे, पंधरा दिवस झाले, याच्यापायी जीव काढून राह्यली मी! डावा लाव म्हणते ना!"

तो खाली बघत हळूच म्हणाला, "तो आता माह्या नाही, बाई. दुसऱ्या कोणाचा आणून लावल्यासारखा वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या उजवीकडे स्टूल ओढून बसले, त्याचा उजवा हात हँडलवरून उचलला आणि माझ्या डाव्या हातात घट्ट धरला. "हा माह्यापाशी राहील," म्हटलं. "बटणं मी दाबते. बाकी तुह्यं तू पाह्य."

बराच वेळ काहीच झालं नाही. मी पडद्याकडेच बघत राहिले. त्याच्याकडे बघितलं असतं तर त्यानं केलंच नसतं, मी ओळखते त्याला. मग शेजारी खसपस ऐकू आली. डावा हात मांडीवरून सरकत, फळीच्या काठाला अडत, वर येत होता. त्याला धाप लागली होती. शेवटी बोटं एकेक करून हँडलभोवती पडली.

कट्ट. आतला स्विच वाजला. पडद्यावर डावीकडे जायचं विमान उजवीकडे गेलं आणि आपटून फुटलं.

"काय केलं वं हे? उलटं जोडलं तू!"

खरंच की! दांडी वरून डावीकडे ढकलली की तिचं खालचं टोक उजवीकडे जातं आणि उजव्या बाजूचा स्विच दाबतं. म्हणून डावीकडची तार उजव्या स्विचला लावायची असते. स्प्रिंगच्या नादात मी नेमकं तेच विसरले होते. भाऊ मात्र हसत होता. लकव्यानंतर पहिल्यांदा, अगदी खांदे हलवून हसत होता. "एवढं शिकवलं, सारं पाण्यात गेलं!"

मलाही हसू आवरेना. "थांब, दोन मिनिटांत तारा बदलून देते," म्हणून मी पेचकस घ्यायला उठू लागले, पण उठता येईना. माझ्या हातातल्या त्याच्या उजव्या हातानं माझी बोटं आवळून धरली होती.

"राहू दे उलटंच," तो म्हणाला. "मी शिकून घेईन. तू हात नको सोडू."