साहेबांना दिलेली मरळ

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची चार बोटं नागभीडच्या लाकूड डेपोत गेली. सागाचा ओंडका वॅगनमध्ये चढवताना साखळी निसटली आणि हात खाली सापडला. अंगठा तेवढा राहिला. सव्वा महिना दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा मी सातवी पास होऊन घरीच होते. शाळेचे गुरुजी उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या गावी गेलेले. म्हणून सरकारी मदतीचा अर्ज मी लिहिला. पुढच्या घोटाळ्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकते.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि आमची राजधानी नागपूर होती. डेपो सरकारी होता. सरकारी कामावर हातपाय गेला तर मदत मिळते, हे तिथल्या बाबूनंच सांगितलं आणि छापील कागदही दिला. आम्ही ढिवर. पावसाळ्यापासून माघापर्यंत गावच्या तलावात मासे मारायचे, आणि तलाव आटला की डेपोत हमाली. मासे गावातच धानाच्या बदल्यात जात. धानाशिवाय जे काही लागतं, ते हमालीतून येई. ती बंद झाली, तर आईला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं, आणि आईला दमा होता.

"काय काम करता, म्हणून विचारलं आहे," मी कागद वाचला.

"हे का पुसाचं झालं? मच्छी मारतो. ढिवर आहो आपन."

"पन हात तं डेपोत गेला ना, बाबा."

"डेपोत मी जातो. काम माहं मच्छीचं."

मी 'मासे मारणे' असं लिहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कुणालाही काम विचारा, तो बापाचं काम सांगतो. आमच्या शेजारचा कुंभार दहा वर्षं रेल्वेत गँगवर रूळ ठोकत होता, पण विचारलं की गाडगी करतो म्हणे.

दसऱ्यानंतर खात्याचे साहेब चौकशीला आले. सायकलवर, बरोबर एक चपराशी. आईनं खाट टाकली, पाणी दिलं. वडील तलावावर होते, मी बोलवायला धावले. हात गेल्यापासून वडिलांनी जाळं फेकायची नवी रीत बसवली होती. दोरीचा फास उजव्या मनगटात, जाळ्याचा घोळ डाव्या हातावर आणि शिशाचे मणी लावलेली कड दातात. ढिवर मुळातही कड दातात धरतातच, त्यांनी दातांवरचा भार वाढवला इतकंच. पहिले काही दिवस जाळं गोळा होऊन दगडासारखं पाण्यात पडे. नंतर उघडायला लागलं.

ते आले ते हातात मरळ घेऊन. आमच्यात पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, आणि मासोळी घरधन्यानं स्वतः मारलेली लागते. दुसऱ्याची आणून दिली तर पाहुण्याचा अपमान.

"कुणी मारली?" साहेबांनी विचारलं.

"मीच, साहेब. आत्ताच."

"या हातानं?"

"हातानं कमी, दातानं जास्त."

साहेब हसले. मग वडिलांनी त्यांना तलावाच्या पाळीवर नेलं आणि एकदा जाळं फेकून दाखवलं. ते पाण्यावर परातीसारखं गोल पडलं. "वा भाऊ!" चपराशी म्हणाला. मलाही अभिमान वाटला, हे कबूल करते. साहेबांनी गुडघ्यावर कागद ठेवून तिथंच काही लिहिलं, पळसाच्या पानात बांधलेली मरळ घेतली आणि गेले.

महिन्याभरानं उत्तर आलं. अर्जदार आपले काम पूर्ववत करू शकतो, सबब मदत देता येत नाही.

आईनं ऐकून घेतलं. "आनखी एक मरळ द्याची होती," ती वडिलांना म्हणाली. "सायबानं तुले पयलवान लिवलं असतं." दुसऱ्या दिवसापासून ती खडीवर जाऊ लागली. संध्याकाळी आली की भिंतीला टेकून श्वास खाली बसेपर्यंत कुणाशी बोलत नसे.

माघात मी वडिलांना घेऊन छोट्या रुळांच्या रेल्वेनं चांद्याला गेले. कचेरीत तेच साहेब होते.

"पोरी, मी खोटं लिहिलं का?" त्यांनी अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. "तूच लिहिलंस, मासे मारणे. मासे मारताना मी डोळ्यांनी पाहिलं."

"ओंडका उचलता येत नाही त्यांना."

"मग हमाल लिही. नव्यानं अर्ज कर. पण जबाब त्यांच्या तोंडून हवा. बोला भाऊ, काम काय?"

वडील उभेच होते. डावा हात उजव्या मनगटाभोवती धरलेला.

"मी ढिवर आहो, साहेब."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "मग मी काय लिहू? मागं लिहिलं तेच?"

मी हळूच म्हटलं, "बाबा, माय खडी फोडून राह्यली."

बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, तिकडं वडील बघत राहिले. मग म्हणाले, "लिवा. हमाल. आता हमाली होत नाई."

साहेबांनी लिहिलं, शाई पुढं केली. डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन झाल्यावर वडिलांनी विचारलं, "पन मासोळी गोड होती ना, साहेब?"

"गोड होती," साहेब कागदाकडे बघतच म्हणाले. जबाबात ते आलं नाही.

ही गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. तलावावर वडील दिसले की त्यांचा चुलतभाऊ ओरडे, "ओ हमालभाऊ, जाळं कोनाचं मागून आनलं?" वडील एरवी त्याला सोडत नसत. त्या दिवसांत ते दात आवळून जाळं फेकत, आणि तोंडात कड असल्यामुळं उत्तर द्यायचा प्रश्न येत नसे.

मंजुरीचा कागद आला तेव्हा उन्हाळा लागला होता. तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं. वडील ओसरीवर फाटलेलं जाळं विणत होते, दोरा अंगठ्यानं दाबून डाव्या हातानं गाठी मारत. मी कागद दोनदा वाचून दाखवला.

"ढिवर कुठी लिवलं हाये का त्यात?"

"नाई."

"मच्छीचं?"

"नाई, बाबा. हमाल लिहिलं आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढची गाठ मारली. कागद आईनं माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा पाहिला आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी ती खडीवर गेली नाही.