शहाजादीचा खोकला

गणपतीच्या दिवसांत शहाजादी शिकलगार बऱ्याच गावांत मरते. पेठ वडगावात, हातकणंगल्यात, इचलकरंजीत. ती स्वतः त्या वेळी कोल्हापुरात आपल्या दुकानात शिलाई मशीनवर बसलेली असते, ब्लाउजला हुक लावत किंवा गिऱ्हाइकाशी बाहीच्या लांबीवरून वाद घालत. मरतो तो तिचा आवाज.

सजीव देखाव्याची रीतच तशी आहे. संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतात. मांडवात मूर्तीच्या शेजारी उभी असलेली माणसं नुसते ओठ हलवतात. खेळ संपला की पडदा पडतो, पुढची गर्दी आत येते आणि तीच माणसं त्याच जागी तेच दुःख पुन्हा सुरू करतात.

शहाजादी यात आली ती सर्दीमुळे. एका मंडळाचे पोशाख शिवून ती स्टुडिओत पोहोचवायला गेली होती. आईचा आवाज देणारी बाई आलेली नव्हती. देखावा लिहिणारा सयाजी काळजीत बसला होता. त्याने तिला सहज म्हटलं, भाभी, एवढी चार वाक्यं बोलून बघा. छातीत कफ भरलेला होता, ती बोलता बोलता मध्येच खोकली. त्या वर्षी बायका इतक्या रडल्या की मंडळाला पहिला नंबर मिळाला. शहाजादी काढा घेऊन बरी झाली. सयाजीने लिहिलेली आई मात्र त्यानंतर कधीच बरी झाली नाही.

सयाजीचं शाहूपुरीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली तार काढायची आणि त्याच खाचांतून नवी भरायची, हे त्याचं काम. लिहितोही तसाच. गावाचं नाव बदलतो, पोरांची नावं बदलतो. उंबऱ्यावर वाट बघणारी आई, शहरात गेलेला थोरला, सीमेवरचा धाकटा, मोबाइलमध्ये डोकं घातलेली सून आणि सगळ्यांना खरं सुनावणारा दारुडा, ही माणसं तीच. शेवटी आई खोकते, पाणी मागते आणि थोरला पोहोचायच्या आत मरते. यात त्याला काही वावगं वाटत नसे. परक्या माणसासाठी कोण रडतं, असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

शहाजादीलाही त्या आईचं ओझं नव्हतं. तिला तो दिवस हवा असायचा. दुकानात ती दिवसभर मापं बोलते. छाती, कंबर, मुंढा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मदिहा मिरजेला दिलेली. स्टुडिओच्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, ती वर्षातून एकदा दुसरं काहीतरी बोलायची आणि काचेपलीकडची माणसं मान खाली घालून ऐकायची. त्या दिवसासाठी ती इस्त्रीची साडी नेसायची. आवाज साडी दाखवत नाही, हे तिला ठाऊक होतं.

यंदा बोलावणं आलं नाही. श्रावण निम्मा सरला तेव्हा तिने स्टुडिओवाल्या अमीनला फोन केला. अमीन नात्याने तिचा भाचा लागतो. तो खुशीत म्हणाला, आता तुम्हाला तसदी नाही.

"सगळं हाय की खाला कॉम्प्युटरवर. 'बाळा, आलास व्हय' हाय, 'पाणी दे' हाय. तुमचा खोकला तर तीन जातीचा हाय."

सयाजीने यंदाचे देखावे तिच्या जुन्या वाक्यांच्या मापानेच लिहिले होते. मुलाने काय विचारावं, हे आईच्या तयार उत्तरावरून ठरत होतं.

शहाजादीने फोन ठेवला आणि मशीन चालवायला घेतलं. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिच्याशिवायही तिचं मरण सुरळीत चालणार होतं. दुपारी तिने दुकानाला कुलूप लावलं आणि ती शाहूपुरीत गेली.

सयाजी पाण्याच्या मोटारीत हात घालून बसला होता. त्याने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. ती बसली नाही.

"सयाजीभाऊ, मला मारायचं तर बोलवून मारा की."

सयाजीला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते आवरलं. स्टुडिओच्या भाड्याचा खर्च, मंडळांची घाई, असं काहीबाही तो सांगू लागला. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली की जुना खोकला ज्याला वाजवायचा त्याने वाजवावा, तिची ना नाही. पण एका तरी देखाव्यात तिला नवं बोलायला द्यावं. आणि त्यात तिने मरायचं नाही.

"अवो, आई मेली न्हाय तर बाया रडणार कशा? आणि रडल्या न्हाईत तर नंबर कुठला?"

"मी कवा रडत बसलेलो बघितलंय तुमी?"

"तुमचं येगळं, भाभी." सयाजीने हातातली तार खाली ठेवली. "बरं, मरत न्हाय. मग ती बोलंल काय?"

ती स्टुलावर बसली. चहा आला, दोघांनी प्याला. न मरणारी बाई काय बोलते, याचा दोघेही बराच वेळ विचार करत राहिले. रस्त्यावरून एक बाई मोपेड शिकत चालली होती. मागून तिचा नवरा पळत होता आणि ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होता. शहाजादी मोठ्याने हसली. सयाजी तिच्याकडे बघत राहिला.

नवं लिहितानाही त्याला उंबरा टाकून देता आला नाही. इतक्या वर्षांची सवय होती. त्याने फक्त उंबऱ्यावर बसणारं माणूस बदललं. नव्या देखाव्यात दोन्ही पोरं रजा काढून घरी येतात, तर दाराला कुलूप. आई मैदानावर मोपेड शिकायला गेलेली. पोरं दारात बसून वाट बघतात, सून मोबाइलवरून सासूला फोन लावते, आणि दारुडा, ज्याला बदलणं सयाजीच्या जिवावर आलं होतं, तो तसाच राहिला.

वडगावच्या मंडळाचा अध्यक्ष विजयसिंह आधी तयार होईना. मग त्याला कळलं की समोरच्या गल्लीतल्या मंडळाने सयाजीचाच जुन्या मापाचा देखावा घेतला आहे.

"त्यांची आई मरणारच हाय," तो म्हणाला, "तर आपली जगू दे." शिवाय मांडवात खरी मोपेड लावता येणार होती.

रेकॉर्डिंगला शहाजादी इस्त्रीची साडी नेसून गेली. हसायच्या जागी ती हसली आणि त्या हसण्यातून खोकला निघाला. अमीनने काचेमागून अंगठा दाखवला, फार छान, राहू दे. तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, पुसून टाक. ती पुन्हा हसली. पुन्हा खोकला. घसा इतक्या वर्षांत एकच वाट शिकला होता. पाणी पिऊन, थांबून, रस्त्यावरच्या त्या पळणाऱ्या नवऱ्याला आठवून ती हसली, तेव्हा कुठे ते नुसतं हसणं झालं.

देखावे सुरू झाल्यावर एका संध्याकाळी ती एसटीने वडगावला गेली. दोन गल्ल्या मिळतात त्या कोपऱ्यावर उभी राहिली. डाव्या कर्ण्यातून ती पाणी मागत होती. उजव्या कर्ण्यातून मोपेडचा हॉर्न वाजवत होती. तिला विचित्र वाटलं, पण वाईट वाटलं नाही. ती उजवीकडे वळली आणि मांडवात जाऊन बसली.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. कुणीतरी तिला तानाबाई म्हणून हाक मारली. ती डावीकडच्या गल्लीतून आली होती, डोळे अजून ओले होते. पडदा वर गेला. पोरं उंबऱ्यावर बसली. मग आईचा आवाज आला, आणि तो ऐकताच तानाबाईने पदर डोळ्यांशी नेला. पुढच्या रांगेतल्या बायकांचेही पदर वर गेले. शहाजादीने उठायला म्हणून पिशवी उचलली. मांडवात मोपेडवर बसलेली आई पोरांना म्हणत होती, सरका, ब्रेक कुठला ते अजून कळलं न्हाय मला. पदर तसेच वर राहिले. मग एक बाई फिसकन हसली, तिच्यामागून आणखी दोघी. तानाबाई पदराआडून बघत राहिली. पडदा पडेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

"ही मरत न्हाय व्हय?" तिने शहाजादीला विचारलं.

"न्हाय, मावशी."

"शेवटालाबी न्हाय?"

"न्हाय."

तानाबाईने पदर सोडला, नीट मांडी घातली. "मग आणि एकदा बघतो," ती म्हणाली.

शहाजादीही उठली नाही. पलीकडच्या गल्लीतून तिचा खोकला ऐकू आला. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि बाटली तानाबाईपुढे धरली.