तेजू, वास बघ

शिरोली एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, गंगव्वांच्या घराखालच्या एका खोलीत निशिगंधाचा सगळा संसार मावला होता. खोलीला स्वयंपाकघर नव्हतं, ओटा नव्हता. मोरीच्या कडेला एक लाकडी खोकं उपडं घातलेलं, त्यावर शेगडी, आणि नळी आखूड म्हणून सिलिंडर पलंगाच्या पायथ्याशी. भाजी पलंगावर बसून चिरायची, कणकेची परात लेकीच्या दप्तराशेजारी ठेवायची आणि भाकऱ्या थापताना तिला सांगायचं, "पाय वर घे गं."

मलकापूरहून सासू बाळाबाई एकदा येऊन गेली. दारातच थांबून तिनं खोलीभर नजर फिरवली. "झोपायचं तिथंच रांधायचं? एका ठिणगीचं काम हाय बाई. नातीला माझ्याकडं दे. तिथं चुलीला येगळी खोली हाय, शाळाबी हाय."

आकाराम, निशिगंधाचा नवरा, फाउंड्रीत कामाला. आईपुढं त्यानं होकाराची मान हलवली. ती हललेली मान निशिगंधाच्या मनातून कधी गेली नाही.

त्याला एक कारण होतं, आणि ते ना सासूला ठाऊक होतं ना आकारामला. करोनात निशिगंधाचं नाक गेलं होतं. ताप उतरला, जिभेला चव परतली, वास काही परतला नाही. "यील की," आकाराम तेव्हा म्हणाला. पुढं कधीतरी त्यानं विचारलं, "आला का गं वास?" तर ती "आला" म्हणून मोकळी झाली. खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पोरीचं दप्तर मलकापूरच्या एसटीत बसलं असतं.

खरं फक्त तेजस्वीला माहीत होतं. दुसरीतली पोर, पण आईचं नाक तीच. दूध नासलं का, फोडणी करपली का, आणि शेगडी पेटवायच्या आधी गॅस सुटलाय का. "तेजू, वास बघ," म्हटलं की ती खोक्याजवळ उकिडवी बसायची, मान वाकडी करून हुंगायची आणि बाईंच्या थाटात म्हणायची, "पास." एखादे दिवशी मुद्दाम "नापास" म्हणून आईचा चेहरा बघायची आणि खिदळायची. निशिगंधा हसायची नाही. तेजू शाळेत असली की ती बर्नरला कान लावायची. सुटलेला गॅस सूं करतो, तेवढा आधार.

आखाडातला शेवटचा रविवार आला. त्यानंतर श्रावण. दर वर्षी ते कोडोलीला, निशिगंधाच्या माहेरी, मटण खायला जात. यंदा तेजूला सर्दी, अंगात कणकण, आणि बाहेर पाऊस थांबायला तयार नाही. "मला अळणी पायजे," मटणाच्या त्या बिनतिखटाच्या पाण्यासाठी पोरगी सकाळपासून हटून बसलेली.

"इथं कुठली अळणी, बाळा? वर आज्जी राहतात."

गंगव्वा शिवभक्त. खोली देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "बाकी कसंबी ऱ्हावा, पर ह्या घरात मटण शिजायचं न्हाय." पण आकारामला लेकीचा उतरलेला चेहरा बघवेना. दुपारी तो डब्याच्या पिशवीतून अर्धा किलो घेऊन आला. "खिडकी लाव. आजच्या दिस काय हुतंय?"

निशिगंधानं खिडकी लावली. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. मोरीच्या जाळीवर पाट ठेवला. कुकर नको म्हणाली, शिट्टीबरोबर वास वर जाईल. पातेल्यात मटण घातलं, वर पाण्याचं ताट ठेवलं आणि आच बारीक केली. आकाराम मसाला आणि नारळ आणायला बाहेर पडला. त्याच्यामागे तिनं टॉवेल पुन्हा नीट दाबून बसवला. वास बाहेर जाऊ नये म्हणून बाईनं जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं.

तेजू खाली चटईवर पडल्या पडल्या झोपली. पाणी आलं म्हणून निशिगंधा शेगडीकडं पाठ करून मोरीत बसली, बादल्या भरल्या, दोन कपडे चोळले. शेजारच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मागं अळणी कधी उतू गेली, कधी बर्नर विझला, तिला कळलं नाही.

अंधारून आलं तसं तिनं हात पुसले, मांडणीवरच्या देवांपुढं निरांजन ठेवलं आणि काड्यापेटी उघडली. काडी हातात घेतली, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"निशिगंधा, दार उघड."

गंगव्वांचा आवाज. म्हणजे त्यांना मटणाचा वास लागला. थाप पुन्हा पडली. तिनं काडी खाली ठेवली आणि पातेलं पलंगाखाली लपवायला उचललं.

पातेल्याखाली जाळ नव्हता. बटण मात्र उघडंच होतं.

तिनं ते बंद केलं. घाईत बटण आधी उलटंच फिरलं. मग तिला चटईवरची पोर दिसली. गॅस जड असतो, जमिनीवर पसरतो, हे आकारामनंच कधीतरी सांगितलं होतं. तिनं तेजूला उचललं, पायानं टॉवेल ढकलला आणि दार ओढलं. तेजूची मान खांद्यावर नुसती पडलेली. अंगणात पावसाचे थेंब तोंडावर आले, तेव्हा ती कण्हली, "आई, डोकं दुखतंय."

"यव्वा, अगं वरपातूर गॅसचा वास सुटलाय," गंगव्वा म्हणाल्या. नाकाला पदर लावून त्या आत गेल्या, खिडकी ढकलून बाहेर आल्या. पातेलं त्यांनी पाहिलंच. "आन् त्याचा वास मला मघाच आलता. आजारी पोरगं खातंय म्हणून गप बसले." मग त्या थांबल्या. निशिगंधाकडं निरखून बघत म्हणाल्या, "पर तू आत हुतीस की गं. तुला वास आला न्हाय व्हय?"

आकाराम नारळ घेऊन फाटकात उभा होता. निशिगंधानं त्याला पाहिलं, लेकीला पाहिलं. आता खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मला वास येत न्हाय मावशी," ती म्हणाली. "करोनापास्नं."

आकाराम आत गेला. त्यानं रेग्युलेटर काढून ठेवला आणि नारळ न फोडता मांडणीवर ठेवून दिला. त्याच आठवड्यात तेजूचं दप्तर मलकापूरला गेलं.

तिला पोचवायला निघताना आकाराम निशिगंधाला म्हणाला, "मी घरात नसलो की मावशींना हाक मारायची. त्यांनी वास बघितल्याबिगर शेगडी पेटवायची न्हाय." गंगव्वांनीही मान डोलावली. काही दिवस त्या जिना उतरून यायच्या, हुंगायच्या, "लाव" म्हणायच्या.

मग श्रावणी सोमवार आला आणि गंगव्वा आपल्या लेकीकडं गडहिंग्लजला गेल्या. आकारामला दिवसपाळीनंतर जादा पाळी लागली होती आणि त्याचा डबा न्यायला माणूस येणार होता. बाहेर पाऊस, पत्रा तडतडत होता. निशिगंधानं दार-खिडकी सताड उघडी टाकली, बर्नरला कान लावला. पत्र्याखेरीज काही ऐकू येईना.

तेवढ्यात फोन वाजला. बाळाबाईच्या फोनवरून तेजू. शाळा, मांजर, चुलीवरची भाकरी, सगळं एका दमात सांगून झालं. मग म्हणाली, "आई, काय करतीस?"

"सैपाक."

"वास कुणी बघितला?"

निशिगंधानं उघड्या दारातून रिकाम्या जिन्याकडं पाहिलं.

"फोन गॅसजवळ धर," तेजू म्हणाली. "मी बघते."

निशिगंधा खोक्यापुढं उकिडवी बसली आणि तिनं खरोखरच फोन शेगडीजवळ धरला. पलीकडून, मलकापूरहून, हुंगल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा, नीट.

"पास," तेजू म्हणाली. "लाव आता."

दुसऱ्या हातात लायटर होता. अंगठा खटक्यावर ठेवून निशिगंधा तशीच बसून राहिली.