सुटली बिचारी

दुपारच्या चहाला अजून वेळ आहे. उज्ज्वला सोफ्यावर पडली आहे. डोळा लागतो न लागतो तोच पाय दचकून उठतात. झोपेची गोळी कमी करायला घेतल्यापासून या पायांना घरात थारा नाही. संध्याकाळी तिच्या मंडळातली, तिच्यासारखीच गोळ्यांनी पोळलेली माणसं रुग्णालयावर मूक मोर्चा नेणार आहेत. ‘सुरू करता, तशा सोडवायलाही शिका’ हा फलक उज्ज्वलानेच रंगवलाय. पण ती जाणार नाही. तिने सकाळीच ठरवलंय, आज आपणही रेवतीसारखं सुटायचं.

रेवती याच मंडळातली. तिची गोळी डॉक्टरांनी एका फटक्यात बंद केली होती. मग ती तडफडू लागली तेव्हा म्हणाले, आजार उलटलाय. तिने जीव दिला त्या दिवशी अंगणात जमलेला जो तो म्हणत होता, “सुटली बिचारी.” उज्ज्वलाही म्हणाली होती. त्या शब्दाचा तिला हेवा वाटतो, खोटं कशाला बोला.

स्वयंपाकघरातून खर्र खर्र आवाज येतो. रेवती ओट्याशी उभी आहे. नखं घासायच्या कानशीने उज्ज्वलाची गोळी घासते आहे, नव्या डॉक्टरांनी आखून दिली तेवढीच. हे काम तिने कधी उज्ज्वलाला करू दिलं नाही. तुमचा हात थरथरतो, म्हणायची.

“ताई, बोट पुढे करा. किती बारीक झालीय बघा.”

उज्ज्वला भुकटीत अंगठा टेकवते. ओट्यापलीकडे एसटी स्टँड आहे. गाडी फलाटाला लागलेली, आत मंडळाची सगळी माणसं मांडीवर फलक घेऊन बसलेली.

“तू नाही चढत?”

“मला कुठे चढता येतंय आता.”

“पण तू तर सुटलीस ना, रेवती?”

रेवती कानस खाली ठेवते. “कोण म्हणतं?”

“सगळे. मी पण.”

“गाडी सुटते, ताई. गोळीसुद्धा सुटते, हळूहळू. मी सुटले नाही, मी राहून गेले.” तिचा आवाज शांत आहे, पण डोळे भरलेत. “त्या दिवशी तुम्हाला फोन लावणार होते. वाटलं, ताई झोपल्या असतील.”

“नव्हते गं झोपले.”

गाडी सुरू होते. उज्ज्वला रेवतीचा हात धरायला जाते, आणि हाताला सोफ्याची कड लागते.

ऊन भिंतीवर आलंय. पाय तसेच तडफडताहेत. ती मोर्च्यातल्या वसुधाला फोन लावते.

“वसुधा, मी आज जीव द्यायचं ठरवलं होतं. मला एकटीला राहायचं नाहीये.”

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज येतो. “निघाले मी. फोन ठेवू नका, ताई. बोलत राहा.”

“येताना रेवतीचा फोटो आण. मी धरीन. आणि आज कुणी तिला सुटली म्हणालं, तर तिथेच थांबवीन.”

बोलता बोलता ती फोन दुसऱ्या हातात घेते. अंगठ्यावर पांढरी भुकटी आहे. आज तिने गोळीला हात लावलेला नाही.