एक जूनचा केक

धर्माबाद सोडून मी लातूरच्या डाळ मिलमध्ये लागलो. मालक जेवू घालतो, झोपायला जागा देतो. त्याचे उपकारच आहेत. तरी रोज टपरीवर कंपनीच्या बसची वाट बघत गळ्यातलं कार्ड सरळ करणारा एक माणूस दिसला की मी आतून जळायचो.

एका संध्याकाळी तो बसमधून केकचा डबा घेऊन उतरला आणि टपरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

"कंपनी वाढदिवसाला केक देती," तो हसला. "गावोगावच्या मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्या पोरांना एकच तारीख टाकली, एक जून. आज अर्ध्या बसला केक! तुझा कधी हाय?"

माझ्या शाळेच्या दाखल्यावरही एक जूनच होती. पण त्या डब्यापुढं सांगवेना.

"माहीत न्हाई."

"मग आजच धर की, लेका!" त्यानं डबा पुढं केला.

केक लई गोड होता. त्याचाच मला राग आला.