मावशींचा पासपोर्ट आणि माझा लेख

आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पासपोर्ट मी ‘इथे आखातात सगळेच देतात’ म्हणून त्यांना कामाला आणणाऱ्या एजंटाकडे ठेवायला दिला. त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी गुलामीविरुद्ध लढलेल्या एका जुन्या संपादकावर लेख लिहिला. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती त्याने कधी छापल्या नाहीत. लोकांनी छापखाना फोडला तरी नाही. बायकोला वाचून दाखवताना तो परिच्छेद मी दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी मावशींना गावाहून फोन आला, आई अत्यवस्थ आहे. पासपोर्ट परत आणायला गुदैबिया भागातल्या एजंटाच्या ऑफिसला मी तीन खेपा घातल्या, प्रत्येक वेळी कुलूप. फोनवर तो म्हणाला, “इंशाल्ला, रविवारी बघू.” मी “बरं” म्हणून फोन ठेवला.

मावशी समोरच उभ्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, तुम्हाला नुसतं लिहिता येतं. भांडायला वहिनींना पाठवा.”